पांढऱ्या फडक्यावरची नीळ

रामटेके काका कुठलंही पत्रक खालून वर वाचायचे. आधी शेवटची ओळ, म्हणजे काढणाऱ्याचं नाव. मग मागणी. आणि वेळ उरला तर वरचं तापलेलं भाषण. “नाव नसंल तर वाचू नये,” म्हणायचे. “ज्याले सही करवत नाही त्याचं आपन कायले ऐकायचं?”

येरवड्यात त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. आमच्या बाजूला पत्रकांचे गठ्ठे, त्यांच्या बाजूला पाण्याचे पाइप. माझे आईबाबा दोघंही चळवळीतले. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आणि जगातला कुठलाही अन्याय एका पानात बसवता येतो ही माझी समजूतही तेव्हाचीच. छापून आलेल्या गठ्ठ्यातलं पहिलं पत्रक बाबा भिंतीपलीकडे देत. थोड्या वेळाने काका दारात येऊन उभे राहत आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारत, “हे तुम्ही पाह्यलं का ऐकलं?” बाबा हसून विषय बदलायचे.

काका वर्ध्याकडचे. तिशीत पुण्याला आले, हडपसरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, आणि तो कारखाना बंद पडल्यावर टाक्या धुवायच्या कामात शिरले. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांचं ‘मले-तुले’ सुटलं नाही. कोथरूडच्या सोसायट्यांत लोक त्यांच्याशी बोलताना मुद्दाम सावकाश बोलत, जणू काकांना मराठी येत नाही. काकाही मग तितक्याच सावकाश उत्तर देत.

त्यांच्याकडे पाइपांचे दोन संच होते. पांढरे पिण्याच्या पाण्याचे, काळे मैल्याचे. पांढरे घरात खुंटीला, काळे बाहेर ओट्याखाली. दोन्हींची बूटजोडी वेगळी, हातमोजे वेगळे, शर्टसुद्धा वेगळा. कामाचा क्रमही ठरलेला. आधी पाण्याची टाकी, मग मैल्याची, उलट कधीच नाही. पाण्याची टाकी तळापर्यंत रिकामी करायची, घासायची, ब्लीचिंगचं पाणी भरून एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोनदा भरून दोनदा सोडायचं. झाकणाच्या आट्यांमध्ये बसलेली घाण जुन्या टूथब्रशने काढायची. शेवटी ताजं पाणी भरून एक घोट तोंडात घ्यायचा आणि डोळे मिटून तो बराच वेळ तसाच धरायचा. “पान्याले चव नसली पायजे. चव आली म्हनजे तिथं कोनीतरी हाय,” असं ते म्हणत. जिभेला काहीच लागेनासं होईपर्यंत त्यांचं काम संपत नसे. दुसरा घोट, ज्याची टाकी असेल त्याने प्यायचा. त्यातून सुटका नव्हती. कुणी म्हणालं, नंतर पितो, तर काका पेला हातात धरून उभे राहत.

मैल्याच्या टाकीचा नियम याहून कडक होता. त्यात माणूस उतरवायचा नाही. कोथरूडच्या एका सोसायटीत चेंबर तुंबला आणि सेक्रेटरींनी सांगितलं, एखादा माणूस उतरवा आणि मोकळं करा, दहा मिनिटांचं काम आहे. काका म्हणाले, यंत्राची गाडी बोलवा. गाडी दोन दिवसांनी येणार होती. काका दोन्ही दिवस सकाळी येऊन चेंबरशेजारी स्टूल टाकून बसले, कारण ते हलले की सेक्रेटरी दुसरा कुणीतरी गाठून उतरवतील याची त्यांना खात्री होती.

“आपण उपोषणाला बसलात की कामाला?” सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं.

“कामाले. गाडी येईस्तोवर हेच काम.”

हे मला काकूंनी सांगितलं. कारखान्यात असताना काकांच्या पाळीतला एक जण टाकीत उतरला होता आणि वर आला नव्हता, तेही काकूंनीच सांगितलं. काकांना मी एकदा विचारलं तेव्हा ते पाइप गुंडाळत होते, आणि ते गुंडाळतच राहिले.

पण काकांचा खरा जीव होता ‘मंदाकिनी’वर. शहराच्या वरच्या अंगाला जे धरण आहे, त्याच्या फुगवट्यावर ही दोन मजली बोट उभी असायची. सहा खोल्या, सहा संडास, वर गच्ची. दसऱ्याला तिचा हंगाम सुरू व्हायचा आणि पावसाळा आला की ती काठाला बांधून ठेवायची. तीन-चार महिने बंद पडलेल्या बोटीच्या टाक्यांत काय काय होतं हे काकांकडून ऐकावं. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत साय धरते, मैल्याच्या टाकीचे सांधे गंजतात, रबरी वायसर वाळून फुटतात. गणपती गेले की काका बोटीवर जायचे. पितृपक्षात कुणी नवं काम काढत नाही, त्यामुळे बोटीवर सुतार नाही, रंगारी नाही, मालकाचे पाहुणे नाहीत. काका त्या पंधरवड्याची वाट बघत. “मले असा निवांत मुहूर्त दुसरा भेटत नाही,” म्हणत. आणि सगळं आटोपून दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते नागपूरच्या गाडीत बसलेले असायचे, कारण दसऱ्याला त्यांना दीक्षाभूमीवर असायचं असे. त्यामुळे ज्या बोटीच्या टाक्या ते दरवर्षी तयार करत, ती बोट निघताना त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

बोटीचे मालक जोगळेकर. कोथरूडचे, साठीतले, कायम इस्त्रीच्या शर्टात. बोलणं तिरकस, पण काकांना ते ‘अहो रामटेके’च म्हणत आणि त्यांच्या हातचा पेला मुकाट्याने घेत. पिऊन झाल्यावर मात्र गप्प बसणं त्यांना जमत नसे. “अहो रामटेके, ही बोट आहे. तुम्ही दरवर्षी तीर्थ देताय मला.”

काका म्हणत, “पाहुन्यायले देन्याआधी तुम्ही घेतलं, एवढंच.”

त्या वर्षी मी काकांबरोबर बोटीवर गेले. माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं, नोकरी नव्हती आणि राग भरपूर होता. शहराच्या पाण्यावर मला काहीतरी मोठं लिहायचं होतं. आई काकांना म्हणाली, हिला घेऊन जा, घरात बसून भिंतींशी भांडते. पाण्याच्या टाकीचं काम आदल्या दिवशी झालं होतं. त्या दिवशी मैल्याची टाकी होती.

काका बोटीच्या पोटात उतरले. मी काठावर दगडावर बसून वही उघडली. तासाभराने बोटीच्या बाजूला, पाण्याच्या जरा वर असलेल्या एका नळीतून गुळण्या टाकल्यासारखं पाणी पडू लागलं. निळं. गडद निळं. धरणाच्या पाण्यात ते पसरत गेलं आणि पिंपाएवढा डाग झाला. बोटींच्या संडासांत निळं रसायन वापरतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी फोटो काढला. एक नाही, सात.

काकांना मी विचारलं नाही. परतताना ते बसमध्ये डोकं मागे टेकून झोपले होते आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात मथळा जुळवत होते. विचारायची गरजच वाटली नाही, कारण मला माहीत होतं. काका आत काम करत होते, त्यांना बाहेरचं दिसलं नसणार, आणि मालक त्यांच्या पाठीमागे हे करत असणार, इतकं सगळं मी बसमध्येच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पत्रक तयार झालं. ‘तुमच्या नळात कुणाचं विष?’ खाली फोटो, बोटीचं नाव, आणि शेवटी ‘एक जागृत नागरिक’. कोथरूडच्या बसथांब्यावर मी तीन दिवस ते वाटलं. लोक थांबून वाचत होते. इतक्या आनंदात मी कधीच नव्हते.

चौथ्या दिवशी काका आमच्या दारात आले. हातात पत्रक. सवयीप्रमाणे त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

“हे जागृत नागरिक कोन?”

मी म्हणाले, “मी.”

“मंग तसं लिहायचं ना, बाई.”

ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच त्यांनी मला काय झालं होतं ते सांगितलं. मैल्याची टाकी धुऊन झाली की काका तिच्यात स्वच्छ पाणी भरायचे आणि त्यात कपड्यांची नीळ कालवायचे. मग पांढरं फडकं घेऊन टाकीच्या बाहेरून प्रत्येक सांध्यावरून फिरवायचे. फडकं कोरं राहिलं तर टाकी धड. निळा ठिपका उमटला तर तिथे गळती. त्या वर्षी नुसता ठिपका नाही, धारच लागली होती. तळाशी एक सांधा उघडला होता. तिथून गळलेलं निळीचं पाणी बोटीच्या पोटात साचलं, आणि साचलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा जो छोटा पंप असतो त्याने ते धरणात टाकलं. मी ज्याला विष म्हटलं होतं ते नळाचं पाणी आणि नीळ होती. आणि ती काकांनीच घातली होती, हंगामात दुसरं काही बाहेर पडू नये म्हणून.

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. “खात्याच्या बाई येऊन राहिल्या उद्या पाहायले. जोगळेकर साहेबाचा फोन होता. तू पन चाल. लिहिलं तू, तर पाह्यलं बी तू पायजे.”

जोगळेकरांना काकांकडून काय हवं होतं ते मला दुसऱ्या दिवशी बोटीवर पोचल्यावर कळलं. पाटबंधारे खात्याच्या इंजिनियर बाई यायच्या होत्या. जोगळेकरांनी काकांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून चार पावलांवर. मी कोण हे त्यांना माहीत होतं, आणि मी ऐकलं तरी त्यांना फरक पडत नव्हता.

“रामटेके, सरळ आहे. बादली धुताना नीळ सांडली, एवढंच म्हणायचं. गळतीचं आत्ता काढू नका. दसरा आठ दिवसांवर आलाय, महिनाभर आधीपासून सगळ्या खोल्या ठरल्यात. पहिला आठवडा जाऊ दे, मग मी स्वतः वेल्डर आणतो.”

काकांनी विचारलं, “आनि पहिला आठवडा?”

“अहो, दोन बोटं सांधा. एवढं मोठं धरण आहे.”

बोटीचं ते काम गेलं तर काकांकडे सोसायट्यांच्या गच्च्या उरत होत्या, आणि जिने चढणं त्यांना तेव्हाच जड जात होतं. हे मला माहीत होतं, जोगळेकरांनाही माहीत होतं.

इंजिनियर बाई आल्या. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं. त्यांनी काकांना विचारलं, “हे खरं आहे का?”

“खोटं हाय,” काका म्हणाले. “रसायन नव्हतं. पानी साधं होतं, नीळ मीच कालवली होती.”

जोगळेकरांचा चेहरा मोकळा झाला. “मी म्हणत होतो ना मॅडम, निराधार आहे सगळं.”

“पन टाकी फुटकी हाय,” काका म्हणाले, आणि पिशवीतून ते फडकं काढून त्यांनी बाईंसमोर धरलं. वाळून त्यावर हाताएवढा निळा डाग पडला होता. “सांधा खालच्या अंगाले उघडला. आत्ता नीळ गेली. दसऱ्यानंतर मैला गेला असता. मी दाखवतो, चला.”

बाई खाली जाऊन बघून आल्या. सांधा जोडून, पुन्हा तपासून झाल्याशिवाय बोट हलवायची नाही, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं. त्या गेल्यावर जोगळेकर कठड्याला टेकून उभे राहिले.

“एक विचारू? तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?”

“मी पान्याच्या खालच्या बाजूले राहतो, साहेब. तुम्ही बी तिथंच राहता.”

काकांनी फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं. मला वाटलं होतं, आता ते मलाही दोन शब्द सुनावतील. बसमध्ये ते फक्त म्हणाले, “पहिलं वाटायले तीन दिवस लागले ना? दुसऱ्याले बी तेवढेच दे. त्याच जागी.”

दुसरं पत्रक मी लिहिलं. आयुष्यात सगळ्यात अवघड गेलेलं ते एक पान. त्यात पहिलं पत्रक चूक होतं हे लिहायचं होतं आणि टाकी फुटकी होती हेही. एक लिहिलं की दुसरं खोटं वाटायचं. पाच-सहा वेळा फाडलं. शेवटी काकांनी सांगितल्यासारखंच लिहिलं: मी काय पाहिलं, काय पाहिलं नाही, काय होतं. खाली माझं नाव. बसथांब्यावर पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी ते हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि परत दिलं. “परवा म्हणालात विष आहे. आज म्हणताय नव्हतं. उद्या या, तोपर्यंत ठरवून ठेवा.” थांब्याच्या टोकाला काका भाजलेले शेंगदाणे खात उभे होते. ते हसले नाहीत. बहुतेक.

वेल्डर आला, पण आधी गंजलेला पत्रा कापावा लागला, मग नवा बसवावा लागला. दसरा गेला. बोट निघाली नाही. आणि त्या वर्षी काका नागपूरला गेले नाहीत. काकूंनी डबा बांधून ठेवला होता, पिशवी भरली होती. काका म्हणाले, “माह्या सांगन्यानं बोट थांबली. ती उभी असताना मी कसा जाऊ?” दसऱ्याच्या दिवशी ते बोटीच्या पोटात, पोटावर पडून, नव्या सांध्यावरून फडकं फिरवत होते. फडकं कोरं निघाल्यावर जोगळेकरांना त्यांनी तसा फोन केला. तिकडून ‘ठीक आहे’ एवढंच आलं.

पुढे वर्षभर मंदाकिनीवरून निरोप नाही. कुणा दुसऱ्याला काम दिल्याचं कानावर आलं. गणपती गेले आणि काका सकाळी उठून ओट्यावर येऊन बसू लागले, जायला कुठेच नसल्यासारखे. गुडघे तोवर पार गेले होते. गच्च्यांची कामं त्यांनी सोडली होती. त्याच हिवाळ्यात ते आणि काकू लेकीकडे वर्ध्याला राहायला गेले, आणि उन्हाळा लागायच्या आधी काका तिथेच वारले. मला ते समजलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

पण त्याआधी, त्या पितृपक्षात, एक दिवस जोगळेकर स्वतः येरवड्याला आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून, पत्ता विचारत विचारत. मीच त्यांना काकांच्या खोलीत नेलं. तिथे खुर्ची एकच, ती त्यांना दिली. ते बसले, काकूंनी दिलेलं पाणी प्यायले आणि बराच वेळ रिकामा पेला फिरवत राहिले.

“टाकी नवीन बसवलीय,” शेवटी म्हणाले. “अख्खी. नवीन माणसाला तपासायला बोलावलं. अर्ध्या तासात वर आला आणि म्हणाला, झालं. आता तुम्हीच सांगा, कसं झालं असेल?”

“नसंल झालं.”

“तेच. येता का?”

काकांनी गुडघ्यांवर हात ठेवले. “मले खाली उतरता येत नाही आता.”

“मग कसं करायचं?”

“तुम्ही उतरा. मी वरून सांगतो.”

जोगळेकरांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुणीच हसत नव्हतं.

काकांना हाताला धरून बोटीवर चढवायला मी गेले होते. टाकीत स्वच्छ पाणी भरलेलं होतं, नीळ कालवून झाली होती. बोटीच्या पोटात उतरायच्या झडपेशी काका पाय लांब करून बसले. जोगळेकरांनी बाह्या दुमडल्या, बॅटरी घेतली, फडकं घेतलं आणि ते आत उतरले. खालून धापा ऐकू येत होत्या, मधूनच काहीतरी आपटत होतं. बऱ्याच वेळाने ते वर आले. शर्टावर कोळिष्टकं, कपाळावर काळा पट्टा. फडकं त्यांनी काकांच्या हातात दिलं.

“कोरं आहे. बघा.”

काकांनी ते उजेडात धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

“मागच्या बाजूले गेलंच नाही हे.”

“अहो, सगळीकडून फिरवलंय.”

“मागच्या बाजूले पंपाचं ग्रीस लागते. ह्याले ग्रीस कुठं हाय?”

जोगळेकरांनी फडकं परत घेतलं आणि ते पुन्हा खाली उतरले. काका झडपेच्या कडेला सरकले, एक हात टेकवून आत वाकले आणि उजेड कुठे कुठे फिरतोय ते बघू लागले.

“डावीकडं. आनखी. आता हात आत घाला, टाकीच्या मागून.”

खालून जोगळेकरांचा दबलेला आवाज आला. “अहो रामटेके, इथे हात जात नाही.”

“जाते,” काका म्हणाले. “माहा जात होता.”